सांगलीच्या विश्रामबागेत थ्रीडी प्रिंटिंगनं हॉस्पिटल जहाजाचं मॉडेल करून घेतलं, त्याचा अनुभव

लेकीनं नववीच्या विज्ञान प्रदर्शनाला विषय घेतला हॉस्पिटल जहाज, त्यातही इंडोनेशियाच्या नौदलाचं डॉ. सुहार्सो. हे जहाज आधी टांजुंग डालपेले नावाचं होतं, सैनिक आणि गाड्या किनाऱ्यावर उतरवायला कोरियात बांधलेलं, २००३ ला नौदलात आलं आणि २००७ ला त्याचं हॉस्पिटल केलं, मग तिकडच्या एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरांचं नाव दिलं. थर्माकोलचं करूया म्हणलं तर ऐकंना, म्हणून विश्रामबागेत एक पोरगा प्रिंटिंग करतो त्याच्याकडं गेलो.

खरं जहाज १२२ मीटर लांब, २२ मीटर रुंद. १:३५० नं मॉडेल पस्तीस सेंटीमीटरला जरा कमी भरतं, मशीनवर एवढं बसत नाही म्हणून दोन तुकड्यांत काढलं. पहिल्या खेपेला त्यानं फोटो बघून मागचं दार बंद, आतनं भरीव असं केलं. दिसायला झकास, पण मी नको म्हणलं, कारण या जहाजाचं सगळं मर्म त्या दारात आहे. टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलं की मागची बाजू खाली बसते, दार उघडतं, पोटातल्या हौदात पाणी येतं आणि लहान बोटी सरळ आत शिरतात. इंडोनेशियात १७ हजारांवर बेटं, सगळीकडं एवढं जहाज लागेल असा धक्का कुठला असायला, मग बोटीनं पेशंट आणायचा आणि जहाजावरच ऑपरेशन थिएटर.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आत्याला सांगलीवाडीतनं बोटीनं काढलं, पायाला प्लास्टर. बोटीतनं खांद्यावर, खांद्यावरनं टेम्पोत, टेम्पोतनं मिरजेला, प्रत्येक वेळी उचलताना ती ओरडायची ते अजून कानात आहे. पेशंट जितक्या कमी वेळा उचलावा लागेल तितकं बरं, हे मी त्या दिवशी बघितलंय.

हे त्या पोराला सांगितलं तर त्यानं मध्ये एक शब्द बोलला नाही, कागद घेतला आणि मागं दोन पोकळ टाक्या, उघडणारं दार, दोन बोटी असं सगळं नव्यानं काढलं, जादा पैसे घेतले नाहीत. परातीत जहाज ठेवायचं, सिरिंजनं टाकीत पाणी सोडायचं, मागचा भाग हळूहळू बसतो आणि बोट तरंगत आत जाते. प्रदर्शनात पोरं रांग लावून बघत होती.

आता कमी काय ते पण सांगतो. सांध्यातनं पहिल्या दिवशी पाणी गळलं, एमसील लावून त्यानंच बंद केलं, पण ते नीट घासलं नाही त्यामुळं जोड लांबनं दिसतो. क्रेन पातळ होती, घरी आणताना मोडली. आणि चार दिवस उशीर, त्यात दोन दिवस फोन उचलला नाही, प्रदर्शन तोंडावर असताना लेक रडकुंडीला आली होती, हे मला अजिबात आवडलं नाही.

रंगासकट ४,२०० रुपये घेतले, कामाच्या मानानं वाजवी. पाचपैकी चार. आतनं काय पोकळ पाहिजे, काय हललं पाहिजे ते चित्र काढून न्या, नुसता फोटो दाखवू नका.

आत्यानं परातीतलं जहाज तीन वेळा करून दाखवायला लावलं. पुढच्या वर्षी लेकीला मॉडेल लागलं तर त्याच्याकडंच जाणार, फक्त आठ दिवस आधी.