हाउस ऑफ हॉलो की प्रॅक्टिकल मॅजिक, आधी कुठलं घ्यावं?

अंगात शक्ती असलेल्या आणि ती लपवत जगणाऱ्या बहिणींची डार्क गोष्ट हवीये, आणि अ‍ॅलिस हॉफमनचं प्रॅक्टिकल मॅजिक (1995) घेऊ की क्रिस्टल सदरलँडचं हाउस ऑफ हॉलो (2021) यावर गाडी अडलीये, अशांसाठी हे. दोन्ही मी पाठोपाठ वाचली, बरीचशी पुण्याच्या वनाज-रामवाडी मेट्रोत.

गंमत म्हणजे मढं आणि फुलं दोन्हीकडे आहेत. हॉफमनकडे जिलियनच्या मेलेल्या बॉयफ्रेंडला ती आणि तिची बहीण सॅली मागच्या अंगणात लायलॅकच्या झाडांखाली पुरतात आणि मग ती झाडं अशी काही फोफावतात की बघवत नाही. सदरलँडकडे फुलं थेट माणसाच्या मांसातून उगवतात, कुजका वास सुद्धा येतो, आणि तो वास पुस्तकभर पाठ सोडत नाही.

भाषा म्हणाल तर हॉफमनची सरस, यात वाद नाही. रात्री मागच्या दाराने या बहिणींच्या आत्यांकडे वशीकरणाचं औषध मागायला येणाऱ्या गावातल्या बायका, त्याच बायका दिवसा ओळख दाखवत नाहीत, हे तिने काय सुंदर लिहिलंय.

पण मला ज्याने खरंच वैताग आला ते सांगतो. प्रॅक्टिकल मॅजिकचे चारच लांबलचक भाग आहेत, आत प्रकरणं नाहीत. आणि निवेदन सगळ्यांच्या डोक्यात शिरतं, आत्ता सॅली, लगेच तिची मुलगी, मधेच कित्येक वर्षं दोन वाक्यांत उडून जातात. नळ स्टॉपला चढायचं, सिव्हिल कोर्टाला गर्दी आत घुसली की पुस्तक मिटायचं, आणि संध्याकाळी परत उघडलं की हे कोणाच्या मनातलं चाललंय ते शोधत मागे जायचं, रोज हेच. निवांत सलग वेळ असणाऱ्यांना कदाचित जाणवणार पण नाही.

हॉलोमध्ये सतरा वर्षांची आयरिस एकटीच सांगते, त्यामुळे कुठेही सोडा, कुठूनही धरा. तिघी बहिणी लहानपणी एडिनबर्गच्या रस्त्यावरून थर्टी फर्स्टच्या रात्री गायब होतात, महिन्याने परत येतात, गळ्याखाली सारखाच व्रण, आठवण काहीच नाही. केस पांढरे, डोळे काळे. वडिलांना वाटायला लागतं की या आपल्या मुलीच नव्हेत. साती आसरांनी माणूस ओढून नेल्याच्या गोष्टी ज्यांनी विहिरीच्या काठी ऐकल्यात त्यांना हे सगळं फार जवळचं वाटेल. थोरली बहीण ग्रे कानात कुजबुजली की समोरचा तिचं ऐकतोच, आणि आयरिसला मात्र शाळेत चारचौघींसारखं राहायचंय, लपवण्याची ती ओढाताण मला इथे जास्त खरी वाटली. बहिणींच्या सौंदर्याचं वर्णन जरा कमी असतं तर बरं झालं असतं, ते वारंवार येतं.

घरात आठवी-नववीतलं कोणी वाचणार असेल तर हॉलो आधी स्वतः वाचा, त्यात वडिलांची आत्महत्या आहे. आणि अजूनही ठरत नसेल तर दुकानात उभ्याउभ्या हॉलोचं फक्त पहिलं पान वाचा. मध्यरात्री पांढऱ्या कपड्यातली बाई खिडकीतून आत येते आणि दहा वर्षांच्या आयरिसच्या केसांची बट कात्रीने कापून नेते. करणीच्या गोष्टी ऐकून मोठा झालेला माणूस तिथून पुस्तक परत फळीवर ठेवेल असं मला वाटत नाही.