डोमेन कंट्रोलरच्या नावाखाली आमच्या ऑफिसला बसलेला गंडा

मूळ परवान्याचे पैसे घ्यायचे आणि चाचणी आवृत्ती टाकून निघून जायचं, हा प्रकार नवा नाही. मलाही तो माहीत होता. तरी आम्ही फसलो, कारण आमच्याकडे सर्व्हर बसवायला आलेल्या या माणसाने खोटेपणा नुसता सर्व्हरवर केला नव्हता, तो डेस्कटॉपवरही पसरवून ठेवला होता.

आमच्याकडे २३ मशीन. ९ विंडोज प्रो, ६ विंडोज होम, ५ लिनक्स, ३ मॅक. सगळ्यांचं लॉगिन एका जागेवरून चालावं आणि कुणी नोकरी सोडली की एकाच ठिकाणी खातं बंद करता यावं, एवढीच गरज होती. हे सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात, आणि त्याच्या ताब्यातल्या खाती-मशीनच्या गटाला डोमेन. कोटेशनमध्ये १६ कोअरचा सर्व्हर परवाना, २३ कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या माणसामागे किंवा मशीनमागे लागणारा परवाना) आणि २३ मशीनचं डोमेन जॉइनिंग, म्हणजे ती डोमेनला जोडणं, असं स्वच्छ लिहिलेलं. ६० टक्के आगाऊ घेतले, ३० टक्के काम दाखवून घेतले. उरलेले १० टक्के मागायला तो फिरकलाच नाही. हक्काचे पैसे सोडून देणारा माणूस कशापासून पळतोय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

आणि ती ओळ! सर्व्हरच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर, फिकट अक्षरांत परवाना किती दिवस वैध आहे ते लिहिलेलं होतं. मी बोट ठेवून विचारलं होतं, ‘हे काय?’ तो म्हणाला, ‘मॅडम, अ‍ॅक्टिव्हेशन व्हायला वेळ लागतो, आपोआप जाईल.’ समोर काम सुरू, माणसं लॉगिन करतायत, फोल्डर उघडतायत, मग अविश्वास दाखवायचा तरी कशावर? पण ती ओळ आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. विकत घेतलेल्या परवान्यावर दिवस मोजले जात नाहीत. चाचणी आवृत्तीवर मोजले जातात, १८० दिवस.

ते संपले आणि सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडायला लागला. सर्व्हर बंद की डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बंद, डीएनएस बंद की सगळं ऑफिस ठप्प, इंटरनेटसुद्धा. परवाना विकत घेऊन त्याचा सांकेतिक क्रमांक (‘की’) टाकू म्हटलं, तर तेही होत नाही: चाचणी आवृत्तीवर डोमेन कंट्रोलर उभा केला की त्याच मशीनवर ती पूर्ण आवृत्तीत बदलता येत नाही. दुसरा परवानाधारक सर्व्हर आणा, त्याला डोमेन कंट्रोलर करा, पाचही एफएसएमओ रोल (डोमेनमध्ये एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) तिकडे न्या आणि मग जुना काढा. म्हणजे खर्च दुप्पट.

डेस्कटॉपची गोष्ट तर याहून संतापजनक. विंडोज होम डोमेनला जोडताच येत नाही, त्याला प्रो किंवा त्यावरची आवृत्तीच लागते. याने त्या ६ मशीनवर सर्व्हरवरचीच नावं आणि तेच पासवर्ड टाकून लोकल, म्हणजे त्या-त्या मशीनपुरती, खाती बनवली होती. नाव-पासवर्ड जुळला की सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर न विचारता उघडतं, त्यामुळे सगळं खरं वाटत होतं. ५ लिनक्सवरही लोकल खातीच. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं खातं आम्ही सर्व्हरवर बंद केलं, तरी त्याच्या मशीनवर जुना पासवर्ड चालला, तेव्हा हे उघडं पडलं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘हूअ‍ॅमआय’ (whoami) टाका. नावाआधी डोमेनऐवजी मशीनचं नाव आलं, तर तो लॉगिन डोमेनचा नाहीच.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे हा पैशांचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. सायबर विभाग म्हणतो, माणूस प्रत्यक्ष येऊन काम करून गेला, मग यात सायबर काय? सर्व्हरच खोट्या परवान्याचा निघाला आणि यात सायबर काय! ग्राहक तक्रार कक्षाने सांगितलं, सेवा धंद्यासाठी घेतलीत, तुम्ही ग्राहक नाही. मग आम्ही आहोत कोण? एका साहेबांनी तर कोटेशन उलटसुलट पाहून विचारलं, ‘कॅल म्हणजे काय वस्तू? ती मिळाली नाही याचा पुरावा दाखवा.’ न मिळालेल्या गोष्टीचा पुरावा मी आणायचा, आणि ज्याने पैसे घेतले त्याला साधा एक फोन करायचीही यांची तयारी नाही. मागितली ती कागदपत्रं दिली, पोच घेतली, पुढे शून्य.

परवान्याची कागदपत्रं तुमच्या संस्थेच्या नावावर हातात पडल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. त्याच्यासमोरच ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ (slmgr /xpr, परवान्याची मुदत दाखवणारी विंडोजची आज्ञा) चालवायला लावा, मुदतीची तारीख दिसली की काम थांबवा. विंडोज सर्व्हरऐवजी वापरता येणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरचं नाव काढल्यावर तो ‘ते खेळणं आहे’ म्हणाला होता. सांबा ४.० डिसेंबर २०१२ मध्ये आलं, तेव्हापासून ते अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (मायक्रोसॉफ्टच्या डोमेन यंत्रणेचा) डोमेन कंट्रोलर होऊ शकतं, तेही फुकट. जो ते हसण्यावारी नेतो, त्याला परवाने विकायचे आहेत. एकच डोमेन कंट्रोलर देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तो बंद पडला की सगळं ठप्प. आणि डीएसआरएम पासवर्ड (डोमेन कंट्रोलर बिघडला की दुरुस्तीसाठी लागणारा) लिहून घ्या, आमचा पासवर्ड तो माणूस घेऊन गेला.

आता ६ होम मशीन प्रोवर नेली, लिनक्स मशीन एसएसएसडीने (लिनक्सवर डोमेनचं लॉगिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) खरोखर जोडली. ३ मॅक मात्र अजून अडतायत, कारण डोमेनच्या नावाला त्याने ‘.लोकल’ लावून ठेवलंय आणि ते मॅकच्या बॉन्जूरशी (आसपासची उपकरणं शोधणाऱ्या सेवेशी, तीही ‘.लोकल’च वापरते) भांडतं. चालू डोमेनचं नाव बदलणं हे किचकट आणि जोखमीचं काम आहे.