हिरडीतली फट भरायला हाड कुठलं: कमरेचं, हनुवटीचं की बाटलीतलं?

जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेल्या मुलांचा ओठ शिवला, टाळू शिवला, तरी बऱ्याच जणांच्या वरच्या हिरडीत फट राहते. तिथे हाडच नसतं, आणि कधीकधी प्यायलेलं दूध नाकातून येतं. ही फट साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, वरचा कायमचा सुळा खाली उतरण्याआधी हाड घालून भरतात. सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालं की ऑपरेशन करावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. १९७२ मध्ये बॉइन आणि सँड्स या संशोधकांनी मिश्र दातांच्या वयात, म्हणजे दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असताना, हाड भरण्याची ही पद्धत मांडली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "पोराच्या कमरेला कशाला हात लावायचा? तयार पावडर मिळते ना?"

कमरेच्या हाडाची बाजू आधी सांगतो, कारण माझा कल तिकडेच आहे. कमरेवर हाताला लागणाऱ्या हाडाच्या कडेशी छोटा छेद घेतात, वरचं कूर्चेचं झाकण उघडतात आणि आतलं मऊ हाड खरवडून काढतात. ते ओल्या लाल भुशासारखं दिसतं. त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून ते फटीत रुजतं आणि नंतर सुळा त्यातून वाट काढत खाली येतो. हवं तेवढं मिळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या फटींनाही पुरतं. तोटा म्हणजे दुखणं: मूल काही दिवस लंगडतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला क्वचित बधिरपणा येतो, आणि व्रण राहतो, पण तो कपड्याखाली झाकला जातो.

हनुवटीचं हाड घेतलं तर बाहेर व्रण दिसत नाही. पण ते थोडंच मिळतं, आणि या वयात खालचे सुळे बरेचदा अजून हाडातच असतात, त्यांना इजा होऊ शकते. एका बाजूची, अरुंद फट असेल तरच याचा विचार करावा.

आता बाटलीतलं, म्हणजे तयार पावडर. हायड्रॉक्सिअपॅटाइट हे हाडातल्या खनिजासारखं द्रव्य वर्षानुवर्षं तसंच राहतं. सुळा अजून वर असेल, तर त्याच्या वाटेत भिंत घालण्यासारखंच. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही दुसरी पावडर, ती हळूहळू विरघळते, पण त्यात पेशी नसतात. स्वतःचं हाड कमी पडलं तर भर म्हणून ती ठीक. काही पावडरी गाई-बैलांच्या हाडांपासून बनवतात. घरात ते चालणार नसेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारून घ्या. डॉक्टरांना या प्रश्नाचं नवल वाटत नाही.

बीएमपी-२ हे हाड तयार व्हायला चालना देणारं प्रथिन कोलॅजनच्या स्पंजात भिजवून भरतात. कमरेला हात लागत नाही, हाडही तयार होतं. पण सूज भरपूर येते, किंमत फार, आणि हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या रुग्णांत वापरू नये असं अमेरिकेतल्या मूळ उत्पादनाच्या माहितीपत्रकातच आहे. मुलांच्या फटीत ते वापरलं जातं, पण मान्यतेच्या चौकटीबाहेर.

खर्चामुळे कमरेचं हाड टाळू नका. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चौकशी करा, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या उपचारांना मदत करणाऱ्या स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेलं रुग्णालय जवळपास आहे का, तेही बघा.

फटीच्या तोंडाशी हलणारा दुधाचा दात असेल, तर तो ऑपरेशनच्या काही आठवडे आधी काढून घ्यावा लागतो. नाहीतर तिथली हिरडी भरून आलेली नसते, टाके उसवतात आणि हाड उघडं पडतं. मग ते कमरेचं असो की बाटलीतलं.