‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी शाळेत आणताना

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा हा उपक्रम 2009पासूनचा. वाचकांच्या एका गटाला पुस्तकांची एक पेटी मिळते: पेटीत 100 पुस्तकं, गटात वाचक साधारण 35 आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन पुस्तकं. एकाने दोन महिने कादंबरी दाबून ठेवली की साखळी तुटते. मुदत 15 दिवसांचीच ठेवावी.

शाळेसाठी खरा फायदा पालकांचा. पेटी कपाटात गेली की संपलं! ती व्हरांड्यात, मुलं सुटायच्या वेळी अर्धा तास उघडी हवी, म्हणजे न्यायला आलेली आई किंवा आजोबा पुस्तक चाळतात. नोंदवहीत चार रकाने पुरे: पुस्तक क्रमांक, नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख. यादीची प्रत झाकणाच्या आतून चिकटवावी, अदलाबदलीच्या दिवशी मोजणी पाच मिनिटांत होते.

घोळ होतो तो मे महिन्यात. शाळेला कुलूप, किल्ली गुरुजींकडे, गुरुजी गावी. सुट्टीपुरती पेटी किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीत हलवावी. दुकान बरं, तिथे रोज वर्दळ असते. पावसाळ्यात पेटी जमिनीला टेकवू नये, खाली दोन विटा पुरतात.

लहान मुलांसाठी निवड आधी तपासून घ्यावी; मोठ्यांची पेटी चौथीच्या वर्गाला कामाची नाही.