चरबी-स्नायू दाखवणारा वजनकाटा: आठ महिन्यांनंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी हा काटा दिवाळीनंतर आला. दोन हजारांच्या आतला, ब्लूटूथने फोनला जोडायचा. तेव्हा माझं वय ४६, वजन ७८ किलो आणि शुगर काठावर.

पहिले दोन महिने मी नुसतं खाणं तोडलं. एक भाकर कमी, रात्रीचं वरण बंद, सकाळी वावरापर्यंत पायी. वजन ७३.५ झालं, पण पाण्याने भरलेला गुंड (मोठी घागर) उचलताना दम लागायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "वाळलीस वं, पण जोर कुठं गेला?" मग फोनमधले जुने आकडे काढून हिशेब मांडला. चरबी ४० टक्क्यांवरून ३९.५. म्हणजे गेलेल्या साडेचार किलोंत चरबी जेमतेम सव्वादोन, बाकी पाणी आणि स्नायू. साध्या काट्यावर हे दिसलंच नसतं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

त्यानंतर ताट बदललं. आमच्या वावरातलं सोयाबीन पोत्यांनी बाजारात जातं आणि घरात एक दाणा शिजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आता रोज ५० ग्रॅम सोयाबीन वड्या (त्यातच २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं), दोन अंडी, घट्ट वरण, मूठभर फुटाणे, दही आणि ज्वारीच्या दोन भाकरी. सगळं मिळून ८० ग्रॅमच्या वर जातं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून तीनदा मुलाच्या जुन्या दप्तरात तूर भरून ते पाठीवर घेते आणि ओट्यावरून उठबस करते. ५ किलोंनी सुरुवात केली, आज १२ आहेत.

आज वजन ६९, चरबी ३५ टक्के. पुन्हा साडेचारच किलो गेले, पण या वेळी स्नायू जागेवर राहिले. कंबर ९८ सेंटिमीटरवरून ८७ वर आली आहे. शिंप्याची टेप काट्याइतकीच जपा.

काटा चरबी थेट मोजत नाही. तळपायातून सौम्य वीज सोडतो. पाणी धरलेल्या स्नायूंतून ती सहज जाते, चरबीतून अडते, त्यावरून अंदाज बांधतो. मे महिन्यात भर दुपारी वावरातून येऊन उभी राहिले तर चरबी दोन टक्के जास्त दाखवली, कारण अंगातलं पाणीच आटलं होतं. म्हणून सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी मोजायचं आणि रोजच्या आकड्याऐवजी महिन्याचा कल बघायचा. सारवलेल्या जमिनीवर काटा डुगडुगतो, मी शहाबादी फरशीवर ठेवते. भेगाळलेल्या कोरड्या टाचांनी कित्येकदा आकडाच येत नाही. ओल्या फडक्याने पाय पुसले की येतो. 'शरीराचं वय' वगैरे आकड्यांकडे मी बघत नाही.

सासूबाईंना पेसमेकर आहे. त्यांना यावर उभं राहू देत नाही, त्यांच्यासाठी जुना साधा काटा ठेवला आहे.