हिमालयन बुटकी करून देतो म्हणाला आणि स्प्रिंग कापून दिली

माझी उंची 5 फूट 1 इंच. गेल्या वर्षी मी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 ही मोटरसायकल, 2017 ची, सेकंडहँड घेतली. सीटची उंची 800 मिलिमीटर, वजन 190 किलोच्या वर. एकदा चालायला लागली की या गाडीसारखं सुख नाही. त्रास व्हायचा तो सिग्नलला. पुण्यात नळ स्टॉपच्या गर्दीत थांबलं की नुसता चवडा टेकायचा आणि गाडी आता कलंडते की मग, या धास्तीने पोटऱ्या भरून यायच्या. म्हणून मागून 30-40 मिलिमीटर खाली करून घ्यायचं ठरवलं.

ज्या गॅरेजमध्ये गेले तिथल्या माणसाने मला सगळं नीट समजावून सांगितलं. हिमालयनचा मागचा शॉकअप एकच असतो आणि तो लिंकेजवर, म्हणजे त्याला मागच्या चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या जोडणीवर बसतो. त्यातल्या पट्ट्या, म्हणजे लिंक, थोड्या लांब घातल्या की गाडी मागून बसते, स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. पुढचा फोर्कही, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, त्या मानाने हँडलजवळच्या क्लॅम्पमधून वर सरकवायचा, म्हणजे गाडीचा तोल बिघडत नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी फसले. लिंकचे 5,500, लिंकेजच्या बेअरिंगचे 1,800, फोर्क सेटिंगचे 1,300, मजुरी 1,200, असे 9,800 रुपये झाले. वहीच्या पानावर आकडे लिहून दिले, ना शिक्का ना सही. पैसे ऑनलाइन दिले, तेही त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच कुणाच्या नावावर. जुन्या लिंक मागितल्या तर म्हणाला, "भंगारात गेल्या ताई, त्याचं काय करणार तुम्ही?" त्या वेळी मी गप्प बसले.

गाडीवर बसले तर दोन्ही पाय टेकत होते. इतका आनंद झाला होता की बाकी काही तपासलंच नाही.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये साइड स्टँडवर लावलेली गाडी जवळजवळ सरळ उभी दिसली. मागून बसल्यावर स्टँड लांब पडतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्या गॅरेजवाल्यानेही सांगितलं नव्हतं. उजवीकडे जरा उतार असता तर गाडी आडवी झाली असती.

मग बहिणीला मागे बसवून ताम्हिणीला गेले. मुळशीच्या अलीकडे रस्ता उखडला होता. तिथे प्रत्येक खड्ड्यात मागून धाडकन आवाज यायचा आणि तो थेट पाठीच्या कण्यात जायचा. आधी ही गाडी असे खड्डे गिळून टाकायची. वळणावर हँडल जड, गाडी आत झुकायलाच तयार नाही. परतताना अंधार पडला आणि समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारायला लागला. माझा दिवा लो बीमवरच होता. पिरंगुटला थांबून पाहिलं, तर प्रकाश समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. मागचा भाग खाली आणि पुढचा तसाच, म्हणजे गाडी नाक वर करून चालली होती. फोर्कला त्याने हातही लावला नव्हता. दोन मुली, घाटरस्ता, समोरच्याला दिपवणारा दिवा. नुसत्या पैशांचा प्रश्न असता तर हे सगळं लिहायला मी बसलेच नसते.

नाना पेठेत एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना गाडी दाखवली. त्यांनी काही न खोलता डबल स्टँडवर लावली आणि मागचं चाक अधांतरी असताना शॉकअपची स्प्रिंग हाताने धरली. ती गर्रकन फिरली. स्प्रिंग नेहमी दाबलेल्या स्थितीत बसवलेली असते, ती अशी सैल फिरता कामा नये. "कापलीय ही," काका म्हणाले. खोलल्यावर दिसलं की ग्राइंडरने साधारण दीड वेढा उडवलाय. कापलेल्या टोकाला तापल्याचा निळसर रंग होता. टोक सपाट घासलेलंही नव्हतं, त्यामुळे स्प्रिंग टेकते त्या खालच्या वाटीवर खोल ओरखडे पडले होते. शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं बंप रबर चेपून गेलं होतं. लिंक जुन्याच होत्या, वरून काळा रंग मारलेला. काकांकडे कंपनीची एक लिंक पडून होती. तिच्याशेजारी ठेवून व्हर्निअरने मोजलं, फरक शून्य. बेअरिंगमध्येही तेच जुनं वाळलेलं ग्रीस.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती घरच्या घरी करता येते. काम द्यायच्या आधी गाडी डबल स्टँडवर लावून मागच्या चाकाच्या अक्षापासून वर सीटखालच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंत टेपने अंतर मोजून ठेवायचं. खरोखर लांब लिंक घातली असेल, तर चाक लटकत असतानाही हे अंतर आधीपेक्षा कमी भरतं. स्प्रिंग कापली असेल तर लटकलेल्या चाकाचं अंतर तेवढंच राहतं, वजन पडल्यावरच गाडी बसते. पुढे फोर्कच्या नळ्या वरच्या क्लॅम्पच्या किती वर आल्यात तेही पाहायचं. दोन्ही बाजूंना सारख्याच हव्यात. आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मी परत त्या गॅरेजमध्ये गेले. तो शांतपणे म्हणाला, "उंची कमी करायची होती ना? झाली ना? मग प्रॉब्लेम काय?" लिंकचं विचारल्यावर म्हणाला, बिलावर कुठे लिहिलंय. ते खरंच होतं, वहीच्या पानावर नुसते आकडे होते. पक्कं बिल मागायला मी का लाजले, हे मला अजून कळत नाही.

काकांनी कंपनीचा नवा शॉकअप बसवला, लिंकेज ग्रीस केलं, दिवा खाली आणला. आता गाडी मूळ उंचीवर आहे. त्याऐवजी सीटचा फोम 25 मिलिमीटरने कमी करून घेतला आणि जाड तळाचे बूट घेतले. पूर्ण टाच टेकत नाही, पण पुरतं.

तक्रारीसाठी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, वहीचं पान, कापलेली स्प्रिंग आणि काकांनी लिहून दिलेला कागद एवढं माझ्याकडे आहे. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याने 3,000 रुपये परत पाठवले आणि "विषय संपवा" असा मेसेज केला. मी तक्रार मागे घेतलेली नाही.