ॲरिझोना सायप्रस ‘ब्लू आइस’: डॅलसच्या काळ्या मातीत २२ महिने

पश्चिमेच्या कुंपणालगत, पाच गॅलनच्या कुंडीतली सात रोपं, लागवड ऑक्टोबरमध्ये. लावताना तीन फूट होती. आता सहा उभी आहेत, साडेसहा-सात फुटांची. सातव्याचं पुढे येतंच.

दुष्काळ सोसणारं झाड, ही पाटी खरी आहे, पण मुळं जमिनीत उतरल्यानंतर. त्याआधी ते मेलं तर बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याने. मूळचं ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासमधले चिसोस डोंगर आणि उत्तर मेक्सिकोतलं. पाणी साचत नाही अशा खडकाळ उतारावरचं. डॅलस, प्लेनो, फ्रिस्कोकडची ब्लॅकलँड प्रेअरीची माती नेमकी उलटी. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या जमिनीची ती सख्खी बहीण: पाऊस झाला की फुगते, ऑगस्टमध्ये हात जाईल एवढी भेगाळते. चुना भरपूर असतो, तो मात्र या झाडाला चालतो.

म्हणून लागवड उंचावर. खड्डा हुंडीच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) तिप्पट रुंद, पण खोली हुंडीपेक्षा तीन इंच कमी. वर राहिलेल्या भागाला खणलेल्याच मातीचा उतार द्यायचा. खड्ड्यात कंपोस्ट किंवा पीट घालू नका; चिकण जमिनीत असा खड्डा बादलीसारखा भरून राहतो. कुंडीत गोल फिरलेली मुळं दिसली तर हुंडीच्या कडेला चार उभे, इंचभर खोल काप द्यावेत. हे टाळलं की काही वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवं. मल्च (वरचं आच्छादन) तीन इंच, खोडापासून चार बोटं लांब. दोन झाडांत आठ ते दहा फूट. सुरुवातीला फार विरळ दिसतं, पण पाच फुटांवर लावलेल्या रांगेत पुढे हवा खेळत नाही. फांद्या राळेच्या आणि ज्वलनशील, त्यामुळे घराच्या भिंतीला खेटून नको. आणि खणण्याआधी ८११ ला फोन करून खालच्या वाहिन्यांची खूण करून घ्यावी.

पाण्यातली सगळ्यात फसवी गोष्ट: कुंडीतलं मिश्रण बहुतांशी सालीच्या भुशाचं असतं, ते भोवतालच्या चिकण मातीपेक्षा लवकर वाळतं. बाहेर चिखल आणि हुंडी कोरडी ठाक, असं पहिल्या उन्हाळ्यात सर्रास होतं. त्यामुळे पहिलं वर्षभर ड्रिपर हुंडीवरच हवेत. एका झाडाला तासाला एक गॅलनचे तीन ड्रिपर, दोन तास चालू, तासभर बंद, पुन्हा दोन तास. म्हणजे १२ गॅलन, साधारण ४५ लिटर. आठवड्यातून एकदा. पाणी सोडण्याआधी लांब स्क्रू ड्रायव्हर हुंडीत सहा इंच खुपसायचा. सहज गेला आणि ओली माती चिकटून आली तर त्या आठवड्याचं पाणी रद्द, वाफशाची वाट बघायची. दुसऱ्या उन्हाळ्यात ड्रिपर खोडापासून दीड फुटावर सरकवले आणि पाळी तीन आठवड्यांवर नेली. पानांचा निळा-चंदेरी रंग कुठे उतरला नाही.

सातवं झाड लॉनच्या स्प्रिंकलरच्या टप्प्यात होतं. आधी निळेपणा गेला, मग राखाडी, मग वाळक्या गवताचा रंग. कोनिफरची (सूचिपर्णी झाडांची) ही खोड वाईटच. रोग कळतो तेव्हा वेळ टळलेली असते. उपटल्यावर बारीक मुळं तपकिरी, आणि साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत होता. ही मूळकुजीची, फायटोफ्थोराची, ओळखीची खूण. लॉनसाठी स्प्रिंकलर लागतोच असेल तर त्याचं तोंड फिरवा किंवा हे झाड त्या बाजूला लावूच नका. पानांवर रोज पाणी पडलं तर आतल्या, खालच्या फांद्यांपासून करपाही चढतो.

बॅगवर्मचं (पिशवी करून राहणाऱ्या अळीचं) प्रकरण दुसऱ्या वर्षी सुरू झालं. दीड-दोन इंची, पानांचे तुकडे चिकटवलेली पिशवी फांदीला लटकते आणि फळच वाटते. हिवाळ्यात पिशव्या कात्रीने कापून काढायच्या, ओढून नाही; देठाशी रेशमाचा फास राहिला तर पुढे तीच काडी आवळली जाते. एका पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात. उरलेल्यांवर, अळ्या बारीक असतानाच, मे-जूनमध्ये संध्याकाळी बीटीची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) फवारणी. मोठ्या अळीवर तिचा फारसा उपयोग नाही. कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे का ते बघायला फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. ठिपके चालू लागले तर आठवडाभर पाइपच्या जोरदार धारेने झाड धुवावं, पण सकाळी, दिवसभरात वाळेल असं.

छाटणी हिरव्या भागातच. तपकिरी लाकडात कापलं तर तिथून फुटवा येत नाही, खळगा कायमचा. खत शून्य; नत्र दिलं की शेंडा लवचिक होऊन वाऱ्यात कलतो.

एक तोटा विक्रेते सांगत नाहीत: परागकण. हिवाळ्याच्या शेवटी नर शंकू सुटतात, आणि टेक्सासच्या माउंटन सीडरने (तिथल्या एका ज्युनिपरने) ज्यांचे डोळे-नाक वाहतात त्यांना हाही बहुधा चावतो, कारण दोन्हींचे ॲलर्जन जवळचे नातलग. अशा घरात बेडरूमच्या खिडकीखाली हे झाड नको.

पुण्याच्या नर्सऱ्यांत थंडीत दिसणारा लिंबाच्या वासाचा गोल्डन सायप्रस हा नव्हे. तो कॅलिफोर्नियाच्या धुकट किनाऱ्यावरच्या मॉन्टरे सायप्रसचा प्रकार. वरच्या पाण्याच्या वेळापत्रकावर तो टिकणार नाही.